एकच लस, दोघी बहिणी : वाचकांचे आरोग्यप्रश्न

या महिन्यात लसींविषयी आलेल्या पत्रांतून चार पत्रे निवडली आहेत. चौघांचे प्रश्न वेगळे असले, तरी त्यांच्या तळाशी एकच शंका आहे. लस लागू पडणे किंवा न पडणे हे माणसाच्या रक्तातच, म्हणजे घराण्यातच ठरून आलेले असते काय? पत्रलेखकांच्या इच्छेवरून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी थोरली मुलगी येथील एका रुग्णालयात परिचारिका आहे. नोकरीला लागल्यावर तिने हेपटायटिस ‘बी’ची तिन्ही इंजेक्शने ठरल्या वेळी घेतली. दीड महिन्याने रक्त तपासले, तेव्हा टायटर (रक्तातील प्रतिपिंडांची पातळी) १० पेक्षा कमी आला आणि अहवालावर ‘नॉन-रिस्पॉन्डर’ असा शेरा मिळाला. तिची धाकटी बहीण दंतवैद्यक शिकते. तिने त्याच कंपनीची लस घेतली आणि तिचा टायटर हजाराच्या वर आहे. एकाच आईच्या पोटच्या या दोघी. थोरलीसाठी स्थळे पाहत आहोत. तिच्या प्रतिकारशक्तीत काही खोट आहे काय आणि मुलाकडच्या मंडळींना हे सांगावे लागेल काय?
— एक आई, दांडिया बाजार

उत्तर : आपल्या मुलीच्या प्रतिकारशक्तीत खोट आहे असे या अहवालावरून मुळीच म्हणता येत नाही. निरोगी प्रौढांपैकी साधारण पाच ते दहा टक्के लोकांच्या रक्तात या लसीच्या तीन डोसांनंतरही पुरेशी प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना निष्प्रभ करणारी प्रथिने (अँटिबॉडीज), तयार होत नाहीत. दर मिलिलिटरमागे १० मिलि-आंतरराष्ट्रीय एकके ही संरक्षणाची किमान पातळी मानलेली आहे आणि त्या रेषेखाली राहिलेल्या माणसाला तो शेरा मिळतो. तो शेरा एका लसीपुरता आहे. हीच मुलगी धनुर्वाताच्या किंवा गोवराच्या लसीला उत्तम प्रतिसाद देणारी असू शकते आणि बहुधा असतेच.

आता बहिणी-बहिणींत हा फरक का पडतो ते पाहू. लसीतील प्रथिन शरीरात शिरले की काही पेशी ते गिळून त्याचे बारीक तुकडे करतात आणि जणू तबकात ठेवून ते टी-पेशी या प्रतिकारयंत्रणेच्या पहारेकरी पेशींपुढे धरतात. टी-पेशीने तो तुकडा परका म्हणून ओळखला, तरच ती बी-पेशींना प्रतिपिंडे करण्याची चालना देते. या तबकांना एचएलए म्हणतात आणि ती घडवणारी जनुके आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना लागून असतात. माणसामाणसांत इतकी विविधता असलेली दुसरी जनुके आपल्या शरीरात नाहीत. त्यांचे हजारो प्रकार आजवर नोंदवले गेले आहेत. प्रत्येक प्रकाराच्या तबकाची खोबण थोडी निराळी असते. तिच्यात एखादा तुकडा घट्ट बसतो, तर दुसरा निसटून जातो. हेपटायटिस ‘बी’च्या नेहमीच्या लसीत विषाणूच्या आवरणातील एकच प्रथिन असते, त्यामुळे दाखवायला तुकडे मुळातच मोजके असतात आणि खोबणीचा प्रकार येथे अधिक महत्त्वाचा ठरतो. डीआरबी-१ या जनुकाचे ०३ आणि ०७ हे प्रकार ज्यांच्याकडे असतात, विशेषतः आई आणि वडील या दोघांकडूनही तोच प्रकार आलेला असतो, त्यांच्यात ही लस लागू न पडण्याचे प्रमाण अधिक असल्याचे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेले आहे.

एचएलएचा हा संपूर्ण संच बहुधा एकगठ्ठा वारशाने येतो. प्रत्येकाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन संच मिळतात. म्हणून सख्ख्या भावंडांत दोन्ही संच सारखे असण्याची शक्यता चारात एक, एक संच सारखा असण्याची दोनात एक आणि दोन्ही संच वेगळे असण्याची पुन्हा चारात एक असते. एकाच आईच्या पोटच्या दोघींची तबके पूर्णपणे निराळी असू शकतात, ती अशी.

तथापि, सारा दोष जनुकांच्या पदरी टाकण्याआधी काही साध्या गोष्टी विचारून घ्याव्यात. ही लस दंडाच्या स्नायूत द्यायची असते. नितंबावर दिली तर प्रतिसाद कमी मिळतो, कारण तेथे ती स्नायूत न जाता चरबीत राहण्याचा संभव असतो. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते आणि ती एकदा गोठली तर निकामी होते. आपल्याकडे उष्णतेची काळजी सर्वजण घेतात, मात्र शीतकपाटात बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेल्या कुपीकडे लक्ष जात नाही. वाढते वय, स्थूलता आणि धूम्रपान यांनीही प्रतिसाद मंदावतो.

पुढे काय करावे? प्रथम रक्तात हेपटायटिस ‘बी’चा पृष्ठभागीय प्रतिजन, म्हणजे विषाणूच्या आवरणातील प्रथिन, आहे का, हे तपासून घ्यावे. ज्याला संसर्ग आधीच आहे त्याच्या शरीरात लसीने ही प्रतिपिंडे दिसत नाहीत आणि तसे असेल तर विषयच वेगळा होतो. ती तपासणी निर्वेध आली, तर लसीची दुसरी तीन डोसांची मालिका घ्यावी आणि शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी टायटर पुन्हा पाहावा. पहिल्या मालिकेत प्रतिसाद न दिलेल्यांपैकी चौथ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत लोक एका वाढीव डोसने आणि त्याहून बरेच अधिक लोक पूर्ण दुसऱ्या मालिकेने संरक्षणाच्या रेषेवर येतात. आपल्या आजीच्या पिढीत देवीची टोचणी फुलली नाही, तर ‘लागली नाही’ म्हणून पुन्हा टोचत असत. त्या पुन्हा टोचण्यात आजही तथ्य आहे.

दुसऱ्या मालिकेनंतरही टायटर चढला नाही, तरी मुलीला नोकरी सोडण्याचे कारण नाही. तिने ही गोष्ट आपल्या वरिष्ठांकडे लेखी नोंदवून ठेवावी. दूषित सुई टोचल्याचा प्रसंग आला, तर तिला तयार प्रतिपिंडांचे, म्हणजे हेपटायटिस ‘बी’ इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन शक्य तो चोवीस तासांच्या आत आणि दुसरे महिन्याभराने द्यावे लागते. धाकट्या बहिणीला याची गरज पडणार नाही. दोघींतला व्यवहारातला फरक एवढाच.

मुलाकडच्यांना सांगण्यासारखे यात काय आहे? वर सांगितलेली संसर्गाची तपासणी निर्वेध आली, की हा आजार नाही, संसर्ग नाही आणि पुढच्या पिढीवर याचे सावट नाही. तान्ह्या बाळांत ही लस शंभरातील पंचाण्णवांहून अधिक जणांना लागू पडते. लग्नाच्या बोलणीत लपवावे किंवा उघड करावे असे काही असते, तर मी तसे स्पष्ट लिहिले असते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. पोलिओच्या मोहिमेत आम्ही शिक्षकच घरोघर थेंब पाजत होतो. तेव्हा असे ऐकले होते, की उत्तर प्रदेश आणि बिहारमधील मुलांना दहादहा डोस देऊनही लस लागू पडत नाही. आता नातवाला रोटाव्हायरसची लस दिली, तरी त्याला जुलाब झाले आणि शेजारच्या गृहस्थांनी ‘प्रत्येक जातीचे, प्रांताचे रक्त निराळे, त्यांना लस निराळी हवी’ असे सांगितले. यात शास्त्रीय तथ्य किती?
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : आपण स्वतः घरोघर फिरलेले आहात, म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

वारशाचा वाटा मोजण्याची जुनी रीत जुळ्यांच्या अभ्यासाची आहे. हुबेहूब जुळ्यांची जनुके सारखी असतात, तर साध्या जुळ्यांची इतर भावंडांइतकीच सारखी असतात, आणि दोन्ही जोड्या एकाच घरात, एकाच अन्नपाण्यावर वाढतात. हुबेहूब जुळ्यांचे टायटर एकमेकांशी अधिक जुळले, तर त्या जास्तीच्या साम्याचे श्रेय जनुकांना देता येते. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया देशात तान्ह्या जुळ्यांवर असा अभ्यास झाला. त्यात हेपटायटिस ‘बी’च्या प्रतिपिंडांतील फरकांपैकी ७७ टक्के आणि धनुर्वाताच्या प्रतिपिंडांतील फरकांपैकी ४४ टक्के फरक वारशाने समजावता आला. याउलट, अमेरिकेत २१० जुळ्यांच्या अभ्यासात, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, फ्लूच्या लसीला मिळालेल्या प्रतिसादात वारशाचा मोजता येण्याजोगा वाटाच सापडला नाही. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. तान्ह्या बाळाच्या प्रतिकारयंत्रणेला अजून गतकाळ नसतो, म्हणून तेथे जनुकांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. वाढत्या वयाच्या माणसाने शेकडो संसर्ग पचवलेले असतात, फ्लूच्या विषाणूशी तर त्याची गाठ अनेकदा पडलेली असते आणि त्या अनुभवाखाली वारसा झाकला जातो.

येथे एक गैरसमज टाळायला हवा. ‘७७ टक्के वारसा’ याचा अर्थ कुणा एका बाळाची प्रतिपिंडे ७७ टक्के जनुकांनी केली असा होत नाही. त्या गावांतील, त्या परिस्थितीतील बाळाबाळांमध्ये जो फरक दिसला, त्याचा तो हिशेब आहे. परिस्थिती बदलली की हिशेबही बदलतो. शिवाय दोन प्रांतांतील मुलांमध्ये फरक दिसला, तर तो जनुकांमुळेच असे या आकड्यावरून ठरत नाही. एकाच पोत्यातले गहू चांगल्या आणि निकस अशा दोन वावरांत पेरले, तर प्रत्येक वावरातील रोपारोपांचा फरक बियाण्याचा असेल, पण दोन वावरांमधला फरक मातीचाच असणार.

पोलिओची गोष्ट नेमकी मातीची आहे. तिन्ही प्रकारच्या विषाणूंची एकत्र लस तोंडाने दिली असता उत्तर प्रदेशात एका डोसचा उपयोग सुमारे दहा टक्क्यांच्या घरात होता, हे त्या काळच्या आकडेवारीतून दिसून आले. श्रीमंत देशांतील अनुभवापेक्षा तो कितीतरी कमी होता. दाट वस्ती, उघडी गटारे, आतड्यांचे सततचे संसर्ग, जुलाब आणि कुपोषण यांमुळे लसीतील जिवंत पण दुबळ्या विषाणूला आतड्यात मूळ धरता येत नव्हते. त्यातच तिन्ही विषाणू एकमेकांशी स्पर्धा करत होते. मग एकाच प्रकारच्या विषाणूची लस आणली, तेव्हा त्या प्रकाराविरुद्ध एका डोसचा उपयोग ३० टक्क्यांच्या आसपास गेला आणि २०१० पासून दोन प्रकारांची लस वापरात आली. मोहिमा वर्षातून अनेक वेळा झाल्या. देशातील वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशियाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. या काळात तेथील मुलांची जनुके बदलली नव्हती. बदलली ती लस, तिची वारंवारता आणि तुमच्यासारख्यांची पायपीट. ‘त्यांचे रक्तच निराळे’ म्हणून तेव्हा कुणी हात टेकले असते, तर ही मुले आज पायांवर उभी नसती.

रोटाव्हायरसच्या बाबतीत मात्र जनुकांचा संबंध खरा आणि सुंदर आहे. आपल्या लाळेत आणि आतड्याच्या अस्तरावर रक्तगटाशी नाते सांगणाऱ्या शर्करा असतात. त्या तेथे मांडण्याचे काम एफयूटी-२ नावाचे जनुक करते. काही लोकांत या जनुकाच्या दोन्ही प्रती निष्क्रिय असतात आणि युरोपीय वंशाच्या लोकांत असे साधारण पाचात एक आढळतात. जगात सर्वाधिक फैलावलेले रोटाव्हायरस याच शर्करांना धरून पेशीत शिरतात. साहजिकच ज्या बाळाकडे त्या नाहीत, त्याच्या आतड्यात तशा विषाणूपासून केलेली लस वाढत नाही आणि प्रतिपिंडे कमी दिसतात. पण ज्या दाराने लस आत जात नाही, त्याच दाराने त्या जातीचा खरा विषाणूही सहजी शिरत नाही! अशा बाळाला त्या विषाणूपासून काही संरक्षण जन्मतःच मिळालेले असते. म्हणजे केवळ टायटर पाहून ‘लस वाया गेली’ असे म्हणणे चुकीचे ठरू शकते. आपल्या देशात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय कार्यक्रमात आलेली रोटाव्हॅक ही लस दिल्लीत नवजात बाळांत सापडलेल्या ११६-ई या विषाणूपासून केलेली आहे आणि त्याची पकड निराळ्या शर्करांवर आहे.

नातवाच्या जुलाबांविषयी एवढेच सांगतो, की जुलाब अनेक जंतूंनी होतात आणि ही लस त्यांपैकी एकाविरुद्धच आहे. तिचा मुख्य उपयोग जीवघेण्या, सलाईन लावावी लागणाऱ्या जुलाबांपासून वाचवण्याचा आहे आणि आपल्याकडील चाचणीत असे तीव्र जुलाब पहिल्या वर्षात निम्म्याहून काही अधिक टळले होते.

जात आणि प्रांत यांविषयी आपल्या शेजाऱ्यांना एक स्थानिक दाखला अवश्य द्यावा. १८९८ साली प्लेग पसरला असताना शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या प्लेगच्या लसीची परीक्षा बडोदे संस्थानातील उंडेरा या गावी झाली. हे गाव आज आपल्या बडोदा शहराला लागून आहे. तेथे प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली आणि निम्म्यांना टोचली नाही. पुढे ज्या २८ घरांत प्लेग शिरला, त्यांतील लस न टोचलेल्या ६४ माणसांपैकी २७ आजारी पडून २६ दगावली. टोचलेल्या ७१ पैकी ८ आजारी पडली आणि ३ दगावली. जनुक हा शब्दही तेव्हा जन्मलेला नव्हता, तरी तुलना घराघराच्या आत केल्यामुळे जात, कूळ, अन्न आणि घरातील उंदीर हे सारे दोन्ही बाजूंना सारखे राहिले. घराणे तेच असताना मरणाचे प्रमाण इतके बदलले, ते लसीने. टोचलेल्यांपैकीही आठ जण आजारी पडलेच. त्यांत कुणाचा वारसा आणि कुणाची प्रकृती आड आली, हे आता कळणे शक्य नाही.

प्रश्न : लस घेण्यापूर्वी जनुकांची तपासणी करून ‘आपल्याला कोणती लस मानवेल’ ते सांगणारी जाहिरात पाहिली. करून घ्यावी काय?
— एक वाचक, अलकापुरी

उत्तर : करू नये. एचएलएचा प्रकार कळला, तरी त्यावरून एका माणसाला लस लागेल की नाही हे खात्रीने सांगता येत नाही. डीआरबी-१ चा ‘वाईट’ समजला जाणारा प्रकार असलेले पुष्कळ लोक उत्तम प्रतिपिंडे करतात. ज्यांना खरेच जाणून घ्यायचे कारण आहे, म्हणजे आरोग्यसेवक, डायलिसिसवरील रुग्ण, हेपटायटिस ‘बी’ असलेल्या व्यक्तीचा जोडीदार, त्यांनी लस घेतल्यावर टायटर तपासावा. तो थेट उत्तर देतो आणि स्वस्तही पडतो. इतरांना तीही गरज नाही.

प्रश्न : आमचे पहिले बाळ पाच महिन्यांचे असताना दगावले. त्याला तोंडात सारखा पांढरा थर येत असे, वजन वाढत नव्हते, दोनदा न्यूमोनिया झाला आणि बीसीजी (क्षयाची लस) टोचलेल्या बाजूची काखेतली गाठ फुटून वाहत राहिली. रुग्णालयात ‘अशक्त बाळ होते’ एवढेच सांगण्यात आले. आता पत्नीला सातवा महिना आहे. आमचे लग्न नात्यातले आहे, ती माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. नव्या बाळाला लसी द्याव्यात की नाही, यावरून घरात वाद आहे.
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : मासिक छापून येईपर्यंत थांबणे योग्य नसल्याने आपल्याला उत्तर पत्राने आधीच पाठवले आहे. इतर वाचकांसाठी ते येथेही देतो, कारण लसींच्या बाबतीत जनुकांमुळे खरोखर जिवाला धोका होऊ शकतो असे प्रसंग थोडे आहेत आणि हा त्यांतला आहे. आपल्या बाळाच्या दुःखाविषयी औपचारिक शब्द लिहिण्यापेक्षा दुसऱ्या बाळाच्या बाबतीत वेळ न दवडणे अधिक महत्त्वाचे आहे असे मला वाटते.

आपण लिहिलेली लक्षणे जन्मजात प्रतिकारक्षमता-न्यूनतेची असू शकतात. वर सांगितलेल्या एचएलएच्या फरकाशी याचा संबंध नाही. तेथे यंत्रणा शाबूत असते आणि एखादा तुकडा ओळखण्यात ती कमी पडते. येथे एकाच जनुकातील बिघाडाने टी-पेशीच तयार होत नाहीत किंवा क्षयाच्या जातीच्या जंतूंशी लढणारी संदेशयंत्रणाच बंद असते. अशा बाळाला बीसीजी दिली, तर लसीतील दुबळा जिवंत जंतूही शरीरभर पसरतो. यांतील बरेच बिघाड आई आणि वडील या दोघांकडून सदोष प्रत आली तरच प्रकट होतात. मामेबहिणीशी लग्न आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे आणि त्यात कुणाचा दोष नाही, परंतु अशा जोडप्यात दोघांकडे एकाच पूर्वजाकडून आलेली तीच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते. तसे असेल, तर प्रत्येक गर्भारपणात धोका चारात एक असतो. काही प्रकार एक्स गुणसूत्रावरचे असून आईकडून मुलग्यांत येतात. म्हणून पत्नीच्या माहेरी, म्हणजे आपल्या मामांच्या घरी, आणि विशेषतः पत्नीच्या आजोळी, तिच्या आईच्या बाजूला, लहानपणी दगावलेल्या मुलग्यांची माहितीही डॉक्टरांना द्यावी.

प्रसूती जेथे व्हायची तेथील बालरोगतज्ज्ञांना हा इतिहास आताच लेखी द्यावा आणि बाळंतिणीच्या कागदांवर ठळक अक्षरांत ‘तपासणी होईपर्यंत बीसीजी, पोलिओचे थेंब व रोटाव्हायरस देऊ नये’ असे लिहून घ्यावे. जन्मल्यावर पहिल्या दिवशीच बीसीजी आणि पोलिओचे थेंब देण्याचा प्रघात असल्याने हे आधी करणे आवश्यक आहे. बाळाच्या रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची (टी-पेशी त्यांतल्याच) एकूण संख्या हा पहिला निर्देशक आहे. साध्या रक्तगणनेतून ती मिळते आणि नवजात बाळात ती तीन हजारांखाली असेल, तर संशय बळावतो. त्यानंतर लिम्फोसाइटचे पोटप्रकार मोजावेत आणि पहिल्या बाळाचा काही रक्तनमुना कोठे जतन असेल तर जनुकतपासणीही करावी. लिम्फोसाइटची संख्या ठीक आली म्हणून लगेच बीसीजी देऊ नये. काही प्रकारांत संख्या ठीक असूनही पेशींचे कार्य बिघडलेले असते, त्यामुळे शेवटचा निर्णय प्रतिकारयंत्रणेच्या तज्ज्ञांवर सोपवावा. दुर्दैवाने आजार निघालाच, तरी साडेतीन महिन्यांच्या आत, संसर्ग जडण्यापूर्वी मूलपेशींचे रोपण झालेली बहुसंख्य बाळे जगतात. पहिल्या बाळाच्या वेळी ही संधी कुणाच्या लक्षातच आली नाही.

घरातील वादाविषयी सांगायचे, तर ‘सगळ्याच लसी नकोत’ म्हणणारी मंडळीही चूक आहेत. हेपटायटिस ‘बी’, पंचगुणी (पेंटाव्हॅलंट) लस, न्यूमोकोकल आणि पोलिओचे इंजेक्शन यांत जिवंत जंतू नसतात. त्यांनी या बाळाला अपाय होत नाही. हेपटायटिस ‘बी’चा पहिला डोस तर जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यावाच. घरातील मोठ्यांनी आणि इतर मुलांनीही आपापल्या लसी पूर्ण कराव्यात. त्या घरात कुणाला पोलिओ द्यायचा झाल्यास मात्र निकाल येईपर्यंत थेंबांऐवजी इंजेक्शन द्यावे. तपासण्या निर्वेध ठरल्या, तर बीसीजी आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाप्रमाणे वर्षाच्या आत आणि रोटाव्हायरसचा पहिला डोसही वर्षाच्या आत देता येतो, त्यामुळे अहवालांसाठी काही आठवडे थांबल्याने बाळाचे काही बिघडणार नाही.